नशीब, मेरिट आणि बाईंची रविवारची सुट्टी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)

  

आजच्या भागाचं निमित्त एक ई-मेल आहे. आपले एक श्रोते, मूळचे धरमपेठेतले, गेली पंचवीसेक वर्षं न्यू जर्सीत राहतात. त्यांनी लिहिलं, की इथे गरीब माणसाकडे लोक 'याचंच काहीतरी चुकलं असणार' अशा नजरेनं बघतात. आपल्याकडे तसं नाही, आपल्याकडे गरिबाबद्दल निदान कणव तरी असते. हा फरक संस्कृतीचा आहे का? यावर एक भाग करा.

तर करतोय. फक्त उत्तर त्यांना हवं तसं निघालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आणि आपण अमेरिकेत फार वेळ थांबणार नाही. तिथून निघून सीताबर्डीवर येऊ, मग गांधीसागरवर, आणि शेवटी तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात.

आधी अमेरिकेची गोष्ट

'अमेरिकन ड्रीम' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. तो लोकप्रिय केला जेम्स ट्रसलो ॲडम्स नावाच्या इतिहासकारानं, १९३१ साली. म्हणजे बघा, ऐन महामंदीत. माणूस कुठल्याही घरात जन्मला तरी आपल्या कुवतीप्रमाणे वर जाऊ शकतो, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच आहे. आणि काही काळ ती बऱ्यापैकी खरीही होती. राज चेट्टी हे भारतीय वंशाचे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडलाय. अमेरिकेत १९४० साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलं मोठी झाल्यावर आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होती. १९८० साली जन्मलेल्यांमध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे नाणेफेक झाली ना. छापा पडला तर वर, काटा पडला तर खाली.

दुसरा आकडा. तिथलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. अनेक राज्यांनी आपापलं वाढवलं, पण केंद्राचा आकडा तिथेच अडकलाय. या काळात घरभाडं कुठे गेलं ते आपल्या श्रोत्यांना मी सांगायची गरज नाही.

गंमत अशी, की गोष्ट खोटी पडत गेली तरी ती सांगायची सवय गेली नाही. आणि या गोष्टीला एक शेपूट आहे. कुणीही वर जाऊ शकतो असं एकदा मानलं, की जो खाली राहिला त्याचं काय? तो आळशी असणार. त्यानं अभ्यास केला नसणार. पैसे उडवले असणार. 'मेरिटोक्रसी' हा शब्द मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९५८ साली एका उपहासात्मक पुस्तकात रूढ केला. त्याला हाच धोका दाखवायचा होता, की हुशारीच्या नावावर नवा उच्चवर्ग तयार होईल आणि हरलेल्याला सहानुभूतीसुद्धा मिळणार नाही. लोकांनी उपहास बाजूला ठेवला आणि शब्द तेवढा गंभीरपणे उचलला.

तर आपल्या श्रोत्यांचं अमेरिकेबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे. प्रश्न उरतो तो आपल्याबद्दलचा.

आपली गोष्ट वेगळी आहे का?

आपल्याकडे गरिबीचं जुनं स्पष्टीकरण म्हणजे नशीब. मागच्या जन्मीचं काहीतरी. ज्याच्या-त्याच्या कपाळी लिहिलेलं. यात गरिबाला कुणी आळशी म्हणत नाही, हे खरं. पण त्याला जागेवरून हलायलाही सांगत नाही. उलट, जागेवर राहिलास तर आम्ही तुझी काळजी घेऊ, असा तो व्यवहार आहे. कणव असते, पण ती वरून खाली येते. खालच्या माणसानं उभं राहून सरळ डोळ्यांत बघितलं, की कणव संपते आणि 'आजकाल यांची मिजास वाढली' हे वाक्य सुरू होतं. हे वाक्य ऐकलंय की नाही? खरं सांगा.

आणि अलीकडे, म्हणजे साधारण १९९१ नंतर, आपण अमेरिकेची गोष्टही आणली. आता आपणही म्हणतो, मेहनत केली असती तर कुठल्या कुठे गेला असता. मोबाइलला पैसे आहेत, फीला नाहीत. नवरा दारू पितो त्याला आम्ही काय करणार. म्हणजे आपल्याकडच्या गरीब माणसाच्या वाट्याला दोन्ही आलं. गरीब जन्मला ते नशिबानं, आणि गरीब राहिला ते स्वतःच्या चुकीनं. या दोन्ही वाक्यांमध्ये आपण कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आपला संबंधच नाही. दोन्ही गोष्टी आपल्याला सोयीच्या पडतात त्या यामुळेच.

आपली एक म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. काटकसरीचा चांगला सल्ला आहे, माझ्या घरातही रोज दिला जायचा. पण हा सल्ला देताना ते अंथरूण कुणी आणि किती कापलं, हे आपण विचारत नाही. आज थोडं तेच विचारायचंय.

'राहता कुठे?'

नागपुरात नवीन माणूस भेटला की आपण विचारतो, राहता कुठे? हा प्रश्न साधा नाही, बरं का. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ, बजाजनगर असं उत्तर आलं की आपला चेहरा एक होतो. पाचपावली, इंदोरा, मोमिनपुरा, गोळीबार चौक असं आलं की दुसरा होतो. जात विचारायची नसते, पगार विचारायचा नसतो, म्हणून पत्ता विचारायचा. पत्त्यात दोन्ही कळतं.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश माणसं झोपडपट्ट्यांत राहत होती. म्हणजे तीन नागपूरकरांमागे एक. आणि या वस्त्या काही शहराबाहेर नाहीत. रामनगरला लागून पांढराबोडी आहे. फुटाळा तलावाच्या काठी आपण संध्याकाळी भुट्टा खायला जातो, तिथेच बाजूला फुटाळा वस्ती आहे. सकाळी सात-साडेसातला बघा, या वस्त्यांमधून बाया निघतात आणि पाच-दहा मिनिटांत आपापल्या बंगल्यांच्या, फ्लॅटच्या फाटकाशी पोचतात. अंतर एवढंच आहे.

हे अंतर पडद्यावर ज्यांनी दाखवलं ते नागराज मंजुळे. २०२२ साली आलेला 'झुंड' नागपूरचा आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास वस्तीतल्या पोरांना फुटबॉल खेळायला लावलं, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं, त्यावर तो सिनेमा आहे. त्यात कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे.  आपण सगळ्यांनी सिनेमा पाहून टाळ्या वाजवल्या. पण आपल्या सोसायटीच्या कंपाउंडला मागच्या बाजूनं एक छोटं दार होतं, ते 'सिक्युरिटी'साठी बंद केलं तेव्हा काम करणाऱ्या बायांना किती वळसा पडला, हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं का?

आम्ही स्वतःच्या जोरावर वर आलो

आता थोडं अवघड बोलतो. पश्चिम नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. आमच्या बाबांनी कुणाची मदत घेतली नाही, स्वतःच्या हिमतीवर सगळं उभं केलं.

बाबांनी कष्ट केले, यात शंका नाही. पण 'मदत घेतली नाही' हे जरा तपासून बघू.

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची. राजधानी असल्यामुळे इथे सचिवालय, कोर्ट, एजी ऑफिस, रेल्वे, पोस्ट. म्हणजे नोकऱ्या. पेन्शनच्या नोकऱ्या. त्या कुणाला मिळाल्या? ज्यांच्या घरात अक्षरओळख पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना आधी मिळाल्या. मग राहायला जागा. १९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आलं, आपलं नासुप्र. लेआउट पडले, रस्ते झाले, प्लॉट मिळाले. ज्याच्याकडे नोकरी होती त्याला प्लॉट घेता आला, आणि तोच प्लॉट आज कोट्यवधींचा आहे. त्याच शहरात झोपडपट्टीतली माणसं, जिथे दोन-दोन पिढ्या राहतात त्या जागेच्या मालकी पट्ट्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत आली आहेत.

मग शिक्षण. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात आपली संपत्ती विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ साली एलआयटी उभं राहिलं. १९४७ साली मेडिकल कॉलेज आलं. १९६० साली व्हीआरसीई, आजचं व्हीएनआयटी. फी किती होती, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. सांगताना ते स्वतःच हसतील, इतकी कमी होती. बाकीचा खर्च सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. काडेपेटीवर, कापडावर कर भरणाऱ्या प्रत्येकाचा. गिरणीतल्या कामगाराचा आणि पांढराबोडीतल्या बाईचाही.

आणि १९६५ साली अमेरिकेनं आपला इमिग्रेशनचा कायदा बदलला. देशानुसार ठरलेला जुना भेदभावाचा कोटा काढला, डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. आपली मुलं गेली. हुशार होतीच. पण इथली स्वस्त सरकारी शिक्षणव्यवस्था आणि तिथला बदललेला कायदा, या दोन्ही गोष्टी कुणा एकाच्या बाबांनी केलेल्या नाहीत.

हे मी कुणाला खजील करायला सांगत नाही. ज्या शिडीनं आपण चढलो ती सार्वजनिक होती, एवढं मान्य करूया. ते मान्य केलं, की पुढचा प्रश्न विचारता येतो. ही शिडी आज तिथेच आहे का?

जुम्मा तलावाकाठची गिरणी

नागपुरात दुसरी एक शिडी होती. ती गरिबांची होती, आणि ती गेली.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, आणि त्याच दिवशी जमशेदजी टाटांनी नागपुरात, जुम्मा तलावाच्या म्हणजे आजच्या गांधीसागरच्या काठी गिरणी सुरू केली. म्हणून नाव एम्प्रेस मिल. त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतातल्या सुरुवातीच्या नोंदलेल्या गिरणी-संपांमध्ये तो मोडतो. म्हणजे आपल्या शहरातला कामगार पहिल्या वर्षापासून बोलत होता.

याच गिरणीत टाटांनी १८८६ साली पेन्शन फंड सुरू केला, आणि १८९५ साली अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. कामगार टिकून राहावेत हाही हिशेब त्यात होता, नुसता दयाभाव नव्हता. असू दे. काम करणाऱ्या माणसाला म्हातारपण असतं, त्याचा हात यंत्रात सापडू शकतो, आणि या दोन्ही गोष्टी मालकाच्या हिशेबाच्या वहीत आल्या पाहिजेत, हे नागपुरात एकोणिसाव्या शतकात मान्य झालं होतं.

या गिरणीनं कितीतरी कुटुंबांना जातीचं काम सोडून मजुरी दिली. गिरणीतही जात होतीच, पण महिन्याचा ठरलेला पगार होता. पगारातून मुलं शिकली. उत्तर नागपुरातल्या कितीतरी प्राध्यापकांचे, अधिकाऱ्यांचे आजोबा गिरणीत होते.

१९८६ मध्ये टाटांची कंपनी बंद पडली. सरकारनं गिरणी चालवायला घेतली, आणि २००२ साली ती कायमची थांबली. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. मॉलला माझी हरकत नाही, मीही जातो. पण मॉलमध्ये जो दारावर उभा असतो, जो फरशी पुसतो, त्याची नोकरी कंत्राटदाराकडे असते. पेन्शन फंड सुरू करणाऱ्या गिरणीच्या जमिनीवर, सव्वाशे वर्षांनंतर, पुढच्या महिन्याची खात्री नसलेला माणूस उभा आहे.

आणि सावजीचं बघा. सावजी जेवण हे हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं. जवसाचं तेल, भरपूर मसाला, दिवसभर मागावर बसलेल्या माणसाचं जेवण. एके काळी पेठांमधली माणसं तिकडे फिरकत नव्हती. आता सावजीपुढे मोठमोठ्या गाड्या लागतात, पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की आपण अभिमानानं त्याला तिथे नेतो. रस्सा आपला झाला. ज्यांचा तो होता त्यांचे हातमाग बसले, त्याबद्दल जेवताना बोलणं होत नाही.

जुलै १९४२

आता एक असा प्रसंग सांगतो, जो शाळेत आपल्याला कुणी शिकवला नाही.

१८ ते २० जुलै १९४२, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली होती. बाबासाहेब आंबेडकर आले होते. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन इथेच स्थापन झालं. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं हाती घेतलं.

या परिषदेत २० जुलैला महिलांची वेगळी परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या. त्यांनी ठराव केले. बहुपत्नीत्वाला बंदी हवी, घटस्फोटाचा हक्क हवा. आणि पुढचा ठराव नीट ऐका: गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत काम करणाऱ्या बायांना पगारी रजा मिळाली पाहिजे, इजा झाली तर भरपाई मिळाली पाहिजे, आणि म्हातारपणी पेन्शन मिळाली पाहिजे.

१९४२. आपल्या गावात. ज्यांना शहर 'बिचाऱ्या' म्हणत होतं त्या बाया कणव मागायला आल्या नव्हत्या. त्यांनी रजा, भरपाई आणि पेन्शन मागितली.

बाबासाहेब स्वतः १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. अमेरिकेची गोष्ट त्यांनी जवळून पाहिली होती. 'मी शिकलो, तुम्हीही शिका, बस' एवढ्यावर ते थांबले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी शिक्षणाबरोबर कायदा मागितला. कारण आपल्याकडची विषमता पायऱ्यांची आहे, श्रेणीबद्ध, हे त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, त्यामुळे वरच्याविरुद्ध सगळे एकत्र येत नाहीत.

ही पायरी बघायची असेल तर घरकामातच बघा. स्वयंपाकाला वेगळी बाई, भांड्यांना वेगळी, संडास-बाथरूमला तिसरी. दर वेगळे, आणि बहुतेक वेळा जातीही वेगळ्या. २०१७ साली पुण्यात एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसात तक्रार दिली होती, की स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईनं जात लपवली. पुढे तक्रार मागे घेतली गेली. उपग्रहाच्या युगात, शास्त्र शिकलेल्या घरात, हा प्रकार. आणि आपल्या शहरात असं घडत नाही असं छातीवर हात ठेवून म्हणणारा मला भेटायचाय.

बाईंचा हिशेब

तर आता स्वयंपाकघरात या. समजा एक ताई चार घरी धुणीभांडी, झाडू-पोछा करतात. प्रत्येक घरी दोन हजार. महिन्याचे आठ हजार. एक दिवस आल्या नाहीत तर खाडा. काही घरांत कॅलेंडरवर फुली मारतात. दोन हजार भागिले तीस, एका दिवसाचे सदुसष्ट रुपये. ते कापून आपण काय कमावतो हा हिशेब मी मांडत नाही. त्यांचं मात्र तापाचे तीन दिवस चारही घरांतून कापले तर आठशे रुपये जातात. शिवाय डॉक्टर.

मे महिना घ्या. नागपूरचा पारा ४५ च्या पुढे. महापालिका सांगते, दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. आपण कूलरमध्ये नवी खस भरतो, परवडलं तर एसी लावतो. दुपारच्या भांड्यांची बाई किती वाजता येते? अडीच. तिच्या घरावर टिनाचं छप्पर आहे. ती उन्हातून येते, आपण दार उघडतो आणि म्हणतो, लवकर आत ये, गार हवा जातेय.

आता सुट्टी. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक चळवळीतले, त्यांनी मुंबईत त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. कारखान्यातल्या माणसाला आठवड्याची सुट्टी १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं दिली. आपल्यापैकी जे नोकरी करतात त्यांना शनिवार-रविवार मिळतो. घरकाम करणाऱ्या बाईला रविवारी जास्त काम असतं, कारण आपण सगळे घरी असतो आणि पाहुणे येतात.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि त्यामागे संघटनांचा मोठा रेटा होता. त्यात आपल्या नागपूरच्या डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी आणि त्यांची विदर्भ मोलकरीण संघटना यांचं नाव घ्यायलाच हवं. संस्कृतच्या प्राध्यापक असलेल्या बाईंनी आयुष्यातली कितीतरी वर्षं मोलकरणींच्या संघटनेला दिली. मंडळाकडे नोंदणी केलेल्या, ५५ वर्षं पूर्ण झालेल्या बाईला दहा हजारांचं सन्मानधन मिळण्याची योजना आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, नोंदणीकृत घरेलू कामगारांना सरकारनं दीड हजार रुपये जाहीर केले. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरकामालाही लागू आहे, म्हणजे कायद्यानं तुमचं घर हे तिचं कामाचं ठिकाण आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०११ साली घरकामगारांसाठीचा करार झाला, क्रमांक १८९. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

पण पगारी सुट्टी, पेन्शन? १९४२ साली नागपुरात मागितलेल्या त्या गोष्टी घरकामाच्या बाईला आजही मिळतात त्या मालकिणीच्या मनावर.

इथे मला माहितीय, काही जणी म्हणतील, आम्ही किती करतो! पोराला वह्या-पुस्तकं देतो, साड्या देतो, दवाखान्याला उसने देतो आणि परत मागत नाही. खरंय. कितीतरी घरांत बाईशी वीस-वीस वर्षांचं नातं असतं आणि त्यात खरी माया असते, मी ती नाकारत नाही. शिवाय ज्यांच्याकडे बाई येते ते सगळे श्रीमंत नसतात. तासिका तत्त्वावर शिकवणारी शिक्षिका असते, एका पेन्शनवर दोघं म्हातारे असतात. त्यांनाही ओढाताण आहे.

पण एक फरक बघा. साडी तुम्ही तुमच्या मर्जीनं देता, आणि त्या साडीचा उल्लेख पगारवाढ मागितल्यावर होतो. 'एवढं करतो तरी...' असं. सुट्टी ठरलेली असली तर तिचा उल्लेख कुणी करत नाही, ती घ्यायची असते. आपल्या ऑफिसनं आपल्याला रजेऐवजी दिवाळीला जुने शर्ट दिले असते तर?

शाळेच्या दारात

मगाशी विचारलं होतं, शिडी आहे का? ती शाळेत शोधू.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सोडत निघते, नंबर लागतो. डॉक्टरचा मुलगा आणि त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा मुलगा एका बाकावर बसू शकतात, अशी ही एकमेव सरकारी योजना असावी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असं ठिकाण शोधावं लागेल. म्हणजे जवळजवळ सगळ्या मोठ्या शाळा सुटल्या असत्या. पालक कोर्टात गेले, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. मधल्या काळात किती पालकांनी त्याबद्दल दुःख केलं? आणि किती जणांनी हळूच 'बरं झालं' म्हटलं? मी दुसरं जास्त ऐकलं. 'त्या मुलांची भाषा बिघडलेली असते, आमची मुलं शिकतील.' भाषा म्हणजे काय, तर 'काहून बे', 'करून राह्यलो'. जी आपल्या आजोबांची भाषा होती.

आणखी एक हिशेब. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख. अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही, इतर अनेकांना आहे. आपल्या मघाच्या ताईंचे आठ हजार गुणिले बारा, शहाण्णव हजार. नवऱ्यानं महिन्याला फक्त पाचशे रुपये आणले तरी एक लाख दोन हजार. संपलं. कागदावर कुटुंब दुर्बल राहिलं नाही. आता सांगा, यात आळस कुठे आहे आणि नशीब कुठे आहे? हा आकडा कुणीतरी ठरवलाय. ठरवलेला आकडा बदलता येतो.

मग करायचं काय?

न्यू जर्सीच्या आपल्या मित्रांना माझं उत्तर असं. तिथे तुम्ही स्वतः बाथरूम धुता, कचरा स्वतः बाहेर ठेवता, त्यामुळे कामाची लाज थोडी कमी झालेली असते. ती सवय सुट्टीत नागपूरला येताना बॅगेत घेऊन या. आईकडच्या बाईला जाताना पाचशेची नोट देता, ते चांगलंच आहे. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, आईशी बसून बाईंच्या सुट्ट्या ठरवा.

आणि इथल्या आपल्या सगळ्यांसाठी चार साध्या गोष्टी. कायदा येईल तेव्हा येईल, या उद्यापासून होतात.

एक, आठवड्याला एक दिवस पगारी सुट्टी. कुठला वार ते बाईंनी ठरवायचं. आजारपणाच्या रजा वेगळ्या. हे कॅलेंडरवर लिहा, फुल्या मारायच्या त्याच कॅलेंडरवर.

दोन, वर्षाला ठरलेली पगारवाढ, न मागता. तुमची वाढ ज्या महिन्यात होते, त्याच महिन्यात त्यांची.

तीन, कल्याण मंडळाकडे नोंदणी. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात होते. कामाचा दाखला लागला तर सही द्यायला कचरू नका. कितीतरी घरं सहीला घाबरतात, की उद्या काही अंगावर येईल. ती तुमच्याकडे काम करते, एवढंच तुम्ही लिहून देताय.

चार, सोसायटीची लिफ्ट, बाथरूम, पाण्याचा ग्लास. 'सर्व्हिस' लिफ्टची पाटी असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा. विषयपत्रिकेवर लेखी द्या, म्हणजे 'वेळ संपला' म्हणून सुटत नाही.

यातून विषमता संपेल का? नाही. त्यासाठी शाळा, जमिनीचे पट्टे, पेन्शन असे मोठे प्रश्न आहेत, आणि ते मतपेटीत आणि रस्त्यावर सुटतात. पण ज्याला घरातल्या बाईची सुट्टी मान्य करवत नाही, तो मोर्चातल्या माणसाची मागणी कशी मान्य करेल?

तुमच्या घरी, तुमच्या सोसायटीत यातलं काय होतं, काय होत नाही, ते लिहून पाठवा. आणि घरकाम करणाऱ्या कुणी ताई हे ऐकत असतील तर त्यांनी तर नक्कीच पाठवा, आवाज रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल. पुढच्या भागात आधी तेच ऐकवू.

चला, भेटू. नमस्कार.